चार कॅनचे सोळा डॉलर? क्राफ्ट बिअरच्या पॅकचा हिशोब

अमेरिकेतल्या कुठल्याही बिअरच्या दुकानात फ्रीजसमोर उभं राहिलं की शेजारी शेजारी दोन पॅक दिसतात, एकात सहा कॅन आणि भाव ११.९९, दुसऱ्यात चारच कॅन आणि भाव १५.९९. भारतातून नुकताच आलेला माणूस हमखास विचारतो की हे उलटं कसं, माल कमी आणि पैसे जास्त? मागे पुण्याहून माझा मामेभाऊ आला होता, त्यानं तिथंच रुपयात करून दाखवलं, "दादा, चार डब्यांचे साडेतेराशे? ह्यात असं आहे तरी काय?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि इथं वीस वीस वर्षं राहिलेल्या लोकांनाही त्याचं नीट उत्तर देता येत नाही, कारण आपण पॅकवरची किंमत बघतो आणि डबे मोजतो, आत बिअर किती आहे हे बघतच नाही. म्हणून हा लेख. मी मिशिगनमध्ये राहतो आणि इथं क्राफ्ट बिअर, म्हणजे बहुतेक छोट्या कारखान्यांची (ब्रुअऱ्यांची) खास चवीची बिअर, चिक्कार, त्यामुळं उदाहरणं बरीचशी इकडचीच येतील. भाव दुकानागणिक बदलतात, मी नेहमी दिसतात त्या रेंजमधले आकडे हिशोबासाठी घेतलेत.

तर पहिली गोष्ट औंस. इथं बिअर औंसात मोजतात, एक औंस म्हणजे साधारण ३० मिली. साधा कॅन १२ औंसाचा, म्हणजे ३५५ मिली, आपल्याकडच्या ३३० च्या पाइंटपेक्षा जरासा मोठा. उंच कॅन १६ औंसाचा, ४७३ मिली. आता तो सहाचा पॅक म्हणजे ७२ औंस आणि चारचा उंच पॅक म्हणजे ६४ औंस. बघा, चार मोठे कॅन हातात जड लागतात म्हणून वाटतं की बिअर साधारण तेवढीच असेल, पण ती ८ औंस कमी आहे, म्हणजे छोट्या कॅनचा दोन तृतीयांश भाग. भागाकार केला तर सहाचा पॅक औंसामागे १६.७ सेंटला पडतो आणि चारचा २५ सेंटला. सरळ दीडपट. आता उलटा गुणाकार करा, ह्याच २५ सेंटच्या दरानं सहाचा पॅक विकायचा ठरवला तर त्यावर १७.९९ लिहावं लागेल, आणि १८ डॉलरचा सिक्स-पॅक बघितला की लोक हात मागे घेतात, पण १५.९९ चा फोर-पॅक उचलतात. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणाची गोम इथंच आहे. पॅकचा आकार बदलला की डोक्यातला जुना भाव तुलनेला येतच नाही.

पण ह्याचा अर्थ ब्रुअरीवाले लुबाडतात असा लगेच काढू नका, कारण चारचा उंच पॅक आला त्यामागे खरी कारणं आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

व्हरमाँट राज्यात वॉटरबरी नावाचं छोटं गाव आहे, तिथं द अल्केमिस्ट नावाची ब्रुअरी. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरात त्यांचा पब पार बुडाला, आणि त्याच सुमारास त्यांचा नवीन कॅन भरायचा कारखाना सुरू झाला. तिथून हेडी टॉपर नावाची त्यांची डबल आयपीए (आयपीए म्हणजे हॉप्स नावाची फुलं भरपूर घातलेली कडवट, वासाची बिअर, डबल म्हणजे त्याहून कडक) १६ औंसाच्या कॅनमध्ये, चार-चारच्या पॅकमध्ये बाहेर पडायला लागली, आणि तिच्यासाठी लोक कुठून कुठून गाडी चालवत यायचे. पुढं न्यू इंग्लंड भागात गढूळ, संत्र्याच्या रसासारख्या दिसणाऱ्या हेझी आयपीएची लाट आली आणि तिच्याबरोबर हा चार-उंच-कॅनचा पॅकही सगळीकडं पसरला. त्याआधी भारी बिअर म्हणजे २२ औंसाची काचेची बाटली असायची, तिला बॉम्बर म्हणायचे. २२ औंस म्हणजे बरोबर ६५० मिली, आपल्याकडची नेहमीची मोठी बाटलीच की. फरक एवढाच की आपल्याकडं मोठी बाटली मिलीमागे स्वस्त पडते म्हणून घेतात, आणि इथं बॉम्बर सगळ्यात महाग पडायची, ७.९९ ला एक म्हटली तरी औंसामागे ३६ सेंट! तरी खपायची, कारण एका बाटलीला ८ डॉलर हा आकडा डोळ्याला मोठा वाटत नाही. पुढं कॅन आले आणि बॉम्बर हळूहळू दुकानातून दिसेनाशी झाली.

आता ब्रुअरीच्या बाजूनं बघूया. इथं बिअर बॅरलमध्ये मोजतात, एक बॅरल म्हणजे ३१ गॅलन, साधारण ११७ लिटर. एका बॅरलमधून १२ औंसाचे ३३० कॅन निघतात, १६ औंसाचे २४८ (सांडलवंड धरली नाही). छोट्या ब्रुअरीनं १० बॅरलचा एक घाणा काढला तर ३३०० कॅन भरायचे की २४८० हा फरक पडतो, म्हणजे मोठा कॅन घेतला तर ८२० डबे, ८२० झाकणं, ८२० लेबलं वाचली. दोन्ही कॅनचा घेर आणि झाकणाचा साइझ एकच असतो, फक्त उंची वेगळी, म्हणून तीच मशीन थोडी खालीवर करून चालते. कितीतरी छोट्या ब्रुअऱ्यांकडं स्वतःची कॅनिंग लाइनच नसते, ट्रकमध्ये मशीन घेऊन फिरणाऱ्या कंपन्या असतात, त्या येऊन भरून देतात. वर चार कॅनला प्लास्टिकचा एक होल्डर हातानं दाबून बसवला की झाला पॅक, पुठ्ठ्याचा बॉक्स लागत नाही, तो छापून घ्यायला लागत नाही, तो घडी घालणारी मशीन लागत नाही. म्हणजे गंमत बघा, औंसामागे पॅकिंगचा खर्च मोठ्या कॅनमध्ये कमी येतो आणि पिणाऱ्याला मात्र औंसामागे तोच पॅक महाग पडतो.

उलट बारा किंवा पंधरा कॅनचा बॉक्स काढायचा म्हटलं तर त्याला मोठी यंत्रणा लागते. थेट रंगीत छापलेले कॅन घ्यायचे तर ते ट्रकनं घ्यावे लागतात. बॉल नावाची कॅन बनवणारी मोठी कंपनी आहे, तिनं २०२२ पासून छापील कॅनची कमीत कमी ऑर्डर एका डिझाइनला एक ट्रकवरून पाच ट्रकवर नेली, म्हणजे साधारण २ लाख कॅनवरून थेट १० लाखांवर. वर्षाला हजार-दोन हजार बॅरल काढणारा माणूस एका बिअरचे १० लाख कॅन घेऊन ठेवणार कुठं? मग तो कोरे कॅन घेतो आणि वर स्टिकर चिकटवतो. तुम्ही दुकानात कॅनवर बोट फिरवून बघा, स्टिकरची कड लागली तर समजायचं हा छोटा कारभार आहे आणि ह्याचा पंधराचा पॅक तुम्हाला कधी दिसणार नाही. मोठा पॅक फक्त मोठ्यालाच परवडतो, म्हणून मोठ्या पॅकमधली बिअर स्वस्त दिसते त्यात पॅकच्या आकाराबरोबर ब्रुअरीच्या आकाराचाही वाटा असतो.

आता पैसे कुठं जातात ते. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हापासून बहुतेक राज्यांत तीन पायऱ्यांची पद्धत आहे: बनवणारा, मधला डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदार. आणि मधले दोघंही आपला वाटा टक्क्यांत लावतात, हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं ह्यावर आहे. समजा ब्रुअरीनं फोर-पॅक ८.४० ला दिला. डिस्ट्रिब्युटरनं आपल्या विक्रीच्या ३० टक्के ठेवले तर तो दुकानाला १२ ला देणार, दुकानानं २५ टक्के ठेवले की झाले १६. म्हणजे ब्रुअरीच्या दारात १ डॉलर खर्च वाढला की फ्रीजवर तो जवळपास १.९० होऊन येतो. हेझी आयपीएमध्ये हॉप्स भरमसाट लागतात, त्यातही सिट्रा, मोझेइक असली मागणी असलेली वाणं, आणि ते हॉप्स टाकीत तळाशी बसताना बरीच बिअर पिऊन टाकतात, ती फेकूनच द्यावी लागते. हा खर्च खरा आहे, आणि तो दोन हातांतून जाताना जवळजवळ दुप्पट होतो.

ह्यावर कोणी म्हणेल की टॅक्समुळं महाग असेल. महाराष्ट्रात बाटलीच्या किमतीत टॅक्सचा वाटा मोठा असतो, त्यामुळं आपल्या मनात तेच पहिलं येतं. इथं केंद्राचा टॅक्स छोट्या ब्रुअरीला पहिल्या ६० हजार बॅरलपर्यंत बॅरलला साडेतीन डॉलर आहे, एका फोर-पॅकवर काढला तर साडेपाच सेंट. राज्याचा टॅक्स वेगळा, वायोमिंगमध्ये गॅलनला फक्त २ सेंट तर टेनेसीमध्ये १.२९ डॉलर, आणि फोर-पॅक म्हणजे बरोबर अर्धा गॅलन असल्यानं टेनेसीतसुद्धा तो ६५ सेंटच होतो. आणि हे टॅक्स आकारमानावर आहेत, किमतीवर नाहीत, म्हणून १६ डॉलरच्या पॅकवर आणि तेवढ्याच औंसाच्या ८ डॉलरच्या पॅकवर ते सारखेच. टॅक्सनं दोन पॅकमधला फरक समजावता येत नाही.

तसंच ॲल्युमिनियमचं. २०२५ च्या जूनमध्ये बाहेरून येणाऱ्या ॲल्युमिनियमवरचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं आणि सगळीकडं चर्चा सुरू झाली की बिअर महागणार. उंच कॅनमध्ये धातू असतो तरी किती, १६-१७ ग्रॅम. समजा किलोला ३ डॉलर भाव धरला तर एका कॅनला ५ सेंट. उद्या भाव दुप्पट झाला तरी चार कॅनला २० सेंट वाढले, आणि वरच्या हिशोबानं फ्रीजवर ३८ सेंट. ब्रुअरीला ते टोचतं, कारण तिचा नफाच मुळात थोडा, पण एखाद्या पॅकचा भाव दोन डॉलरनं वाढला असेल तर एकट्या कॅनवर त्याचं खापर फोडता येणार नाही. माणसांचे पगार, भाडं, माल्ट, हॉप्स आणि ते टक्के, सगळं मिळून ते होतं.

मग पंधराचा पॅक? आमच्या ग्रँड रॅपिड्सची फाउंडर्स ब्रुअरी ऑल डे आयपीए १५ कॅनच्या बॉक्समध्ये विकते, आणि तो भाव साधारण इतरांच्या बाराच्या बॉक्सएवढा असतो. १९.९९ धरा, १८० औंस, म्हणजे औंसाला ११ सेंट! फोर-पॅकच्या निम्म्याहून कमी, आणि ही काही पाणचट बिअर नाही, चांगली आयपीए आहे. मनापासून सांगतो, घरी दहा-बारा माणसं जेवायला येणार असतील, अंगणात ग्रिल लावलेलं असेल तर ह्यापेक्षा शहाणी खरेदी मला माहीत नाही. पण घरात दोनच माणसं आणि त्यातला एकच बिअर पिणारा असेल तर मात्र जरा थांबा. आयपीएचा हॉप्सचा वास दर आठवड्याला उतरत जातो, फ्रीजबाहेर ठेवली तर फारच लवकर. कोथिंबिरीची मोठी जुडी स्वस्त मिळाली म्हणून आणतो आणि अर्धी काळी पडते, तसंच हे. पण ह्याचाही हिशोब करता येतो बरं का. सहाच्या पॅकचा दर १६.७ सेंट होता, त्या दरानं २० डॉलरमध्ये १२० औंस येतात, म्हणजे १० कॅन. १५ पैकी १० कॅन तुम्ही चवीनं संपवले तर तुम्ही बरोबरीत आलात, अकराव्यापासून पुढं सगळा फायदा. दहाच्या आत अडकणार असाल तर मुकाट्यानं सहाचा घ्यावा.

कॅन उलटा करून बुडावरची तारीख वाचायची सवय मात्र सगळ्यांनीच लावून घ्या. बऱ्याच ब्रुअऱ्या भरल्याची तारीख छापतात, काही जण कधीपर्यंत प्यावी ती छापतात. बारीक ठिपक्यांच्या अक्षरांत असते, मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो कधी कधी. हेझी आयपीए तीन-चार महिन्यांपूर्वी भरलेली असेल आणि दुकानानं ती फ्रीजबाहेरच्या थप्पीत ठेवलेली असेल तर ती कितीही स्वस्त असो, मी तरी हात लावत नाही, कारण ज्या वासासाठी एवढे पैसे मोजायचे तो वासच उडालेला असतो. काळी, जड, लाकडी पिंपात मुरवलेली स्टाउट नावाची बिअर असेल तर उलट, ती वर्षभर राहिली तरी चालते. आणि अशा स्टाउटच्या फोर-पॅकमध्ये एक खोच असते, ते कॅन किंवा बाटल्या अनेकदा १६ नाही तर १२ औंसाच्या असतात. म्हणजे चारच, आणि तेही छोटे, एकूण ४८ औंस. "फोर-पॅक" हा शब्द वाचून ६४ धरू नका, कॅनवरचा आकडा वाचा.

आता एक बाजू अशी आहे की तिथं फोर-पॅकच स्वस्त निघतो, आणि ती सांगितली नाही तर लेख अर्धवट होईल. इथं एक प्रमाणित ड्रिंक म्हणजे ५ टक्क्यांची १२ औंस बिअर, त्यात १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ८ टक्क्यांचा १६ औंसाचा एक कॅन म्हणजे अशी दोनहून जास्त ड्रिंक्स. अख्ख्या फोर-पॅकमध्ये साडेआठ, म्हणजे ड्रिंकमागे १.८८ डॉलर, तर ५ टक्क्यांच्या सिक्स-पॅकमध्ये सहा, ड्रिंकमागे २ डॉलर. म्हणजे अल्कोहोलच्या हिशोबानं १६ डॉलरचा पॅकच थोडा स्वस्त! मला स्वतःला क्राफ्ट बिअर ह्या मापानं मोजणं पटत नाही, चढण्यासाठी प्यायची तर एवढे हॉप्स कशाला घालायचे. पण हा आकडा पाठ असायलाच हवा, कारण आपल्याकडं "एकच तर घेतली" म्हणून लोक गाडीची किल्ली उचलतात. पेट्रोल पंपावरच्या दुकानात १९.२ औंसाचे एकटे उंच कॅन मिळतात, ५६८ मिली, त्यात ९ टक्क्यांची वूडू रेंजर इंपीरियल आयपीए घेतली तर त्या एका कॅनमध्ये जवळजवळ तीन ड्रिंक्स असतात. भाव तीन-साडेतीन डॉलर, औंसाला १६ ते १८ सेंट, म्हणजे सुटा घेऊनही सिक्स-पॅकच्या आसपासच पडतो. स्वस्त आहे ह्यात वाद नाही, पण तो एक कॅन एकट्यानं पिऊन गाडी चालवायची नाही म्हणजे नाही.

नवीन बिअर चाखायची असेल तर माझं मत अगदी ठाम आहे: फोर-पॅक घेऊच नये, सुटे घ्यावेत. आमच्याकडं बऱ्याच दुकानांत वेगवेगळे सहा कॅन निवडून मिक्स सिक्स-पॅक करता येतो. सुटा छोटा कॅन अडीच डॉलरला पडला तर सहांचे १५, औंसाला २१ सेंट, सिक्स-पॅकपेक्षा महाग दिसतं. पण १६ डॉलरचा फोर-पॅक आणला, पहिला कॅन उघडला आणि आंबट-कडवट काहीतरी निघालं जे घरात कोणालाच आवडलं नाही तर तो एक कॅन तुम्हाला १६ डॉलरला पडला की. सुट्यामध्ये जास्तीत जास्त अडीच डॉलर गेले. माझ्या मामेभावानं शेवटी हेच केलं, सहा वेगवेगळे उचलले, रात्री घरी छोट्या ग्लासांत चौघांनी वाटून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्यातल्या एकाचा पूर्ण पॅक आणला. बिअर निवडायची ह्याहून चांगली रीत नाही.

टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीच्या स्वतःच्या बारमध्ये, जाऊन प्यायची असेल तर तो भाव वेगळाच. ८ डॉलरचा पाइंट, त्यावर २० टक्के टिप, ९.६० झाले, औंसाला ६० सेंट. शिवाय बऱ्याच ठिकाणी तो १६ औंसाचा ग्लास काठोकाठ भरला तरच १६ औंस होतो, वर फेस आला की आत १४ च्या आसपास, म्हणजे खरा दर ६९ सेंट. पण तिथं बिअर टाकीतून ताजी येते, बसायला जागा मिळते, बनवणारा माणूस समोर उभा असतो, त्याला विचारता येतं. शिवाय तिथला जवळजवळ सगळा पैसा ब्रुअरीकडंच राहतो, मधले दोन हात नाहीत. म्हणूनच मॅसॅच्युसेट्समधल्या ट्री हाउससारख्या ब्रुअरीनं वर्षानुवर्षं दुकानांना माल दिलाच नाही, आपल्याच दारात विकला. मग ब्रुअरीच्या दारात फोर-पॅक स्वस्त का मिळत नाही? कारण तिथं ११ ला विकला तर १६ ला विकणारा दुकानदार उद्या तो पॅक ठेवणारच नाही. घरी न्यायची ग्राउलर नावाची काचेची बाटली ६४ औंसाची असते, म्हणजे बरोबर एक फोर-पॅक, १६ ला भरून मिळाली तर दर तोच, पण एकदा उघडली की दीड-दोन दिवसांत संपवावी लागते. माणसं जमलेली असतील तरच.

पावतीवरच्या डिपॉझिटबद्दल शेवटचं. मिशिगनमध्ये कॅनमागे १० सेंट आधीच कापतात, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्समध्ये ५ सेंट. हे कॅनच्या संख्येवर असतं, औंसांवर नाही, म्हणून पंधराच्या पॅकवर दीड डॉलर आणि फोर-पॅकवर ४० सेंट. तो पॅकचा भाव समजून हिशोबात धरू नका, कॅन परत मशीनमध्ये टाकले की पैसे परत मिळतात. फक्त कॅन चेपायचे नाहीत, मशीनला बारकोड वाचता आला पाहिजे, आणि दुसऱ्या राज्यातून आणलेले कॅन इथं टाकायला कायद्यानं बंदी आहे.

दुकानाच्या फळीवरच्या चिठ्ठीत कोपऱ्यात बारीक अक्षरात दर लिहिलेला असतो, तो बघायचा. पण एका चिठ्ठीवर औंसामागे, शेजारच्या चिठ्ठीवर कॅनमागे असंही सर्रास चालतं, तेव्हा मोबाइल काढून स्वतःच भागाकार केलेला बरा: कॅन गुणिले औंस, आणि त्यानं किमतीला भागायचं. १२ ते १५ सेंट आलं तर ती रोजची बिअर, १५ ते २० मध्ये चांगली स्थानिक क्राफ्ट, आणि २५ च्या वर गेलं तर आधी बुडावरची तारीख वाचायची आणि मगच पैसे काढायचे.